करवंटीच्या कोळशाने विहिरीचं पाणी गाळायचं तर: कुठला क्रम पाळायचा, कुठे चुकतं

मे महिन्यात एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. खाडीला लागून नारळ-पोफळीचं आगर, आगरात बाव, म्हणजे विहीर. त्यांनी हौसेने निळं पिंप दाखवलं: खाली खडी, मध्ये वाळू, वर चुलीतला कोळसा. "तीन आठवडे झाले, पाणी अजून मचूळच लागतं," म्हणाले. लागणारच. कोळसा मीठ काढत नाही. दुसऱ्या एका घरी पाणी नळातून राखाडी येत होतं, कारण कोळसा न धुताच भरला होता. तिसरीकडे पाणी छान नितळ दिसत होतं आणि "कोळशातून आलंय, आता उकळायला कशाला" म्हणून लहान मुलांना तसंच पाजत होते. ही तिसरी चूक सगळ्यात वाईट.

कोळसा चाळणीसारखा घाण अडवत नाही. पाण्यातले काही पदार्थ त्याच्या बारीक छिद्रांच्या भिंतींना चिकटतात आणि तिथेच राहतात. त्यासाठी छिद्रं मोकळी हवीत आणि पाण्याला थांबायला वेळ हवा. खाली लिहिलेली प्रत्येक पायरी यांपैकी एका गोष्टीसाठी आहे. मधली एखादी गाळलीत तर पुढची मेहनत फुकट.

टप्पा १: पाण्यात काय आहे ते आधी बघा

पिंप विकत घेण्याआधी पाण्याची तपासणी करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या आणि उपविभागाच्या ठिकाणी आहेत. बऱ्याच ग्रामपंचायतींकडे तपासणीचा छोटा संचही असतो, तिथे विचारा. अहवाल हातात आला की पुढचं सोपं जातं:

- वास, पिवळसर रंग, कुजलेल्या पाल्याची चव, क्लोरीनचा उग्र दर्प: यावर कोळसा चांगला चालतो.
- जांभ्याच्या विहिरीतलं लोखंड (पाणी भरून ठेवलं की गेरूसारखा थर बसतो, वर तवंग दिसतो): ते कोळशाआधीच काढावं लागतं. कसं, ते टप्पा ६ मध्ये.
- खारेपणा, म्हणजे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या बरेच वर असणं: कोळशाचा उपयोग नाही. नायट्रेट, फ्लोराइड, पाण्याचा जडपणा यांच्यासाठीही या कोळशावर विसंबू नका.
- जंतू: कोळसा मारत नाही. उलट ओल्या, गार कोळशात ते सुखाने वाढतात.

⚠ कलमांना फवारणी केल्यावर पंप विहिरीवर धुतला, औषध विहिरीत गेलं असा संशय असेल, तर त्या पाण्यावर घरगुती कोळशाचा प्रयोग करू नका. कोळसा काही कीटकनाशकं धरतो हे खरं, पण किती धरली आणि किती सुटली हे घरी कळायला मार्ग नाही. ती विहीर पिण्यासाठी बंद करा, दुसरीकडून पाणी आणा आणि नमुना तपासायला द्या.

टप्पा २: माल निवडणं आणि वाळवणं

करवंटी घ्या. कोकणात तिला तोड नाही: कठीण, राख कमी, आणि कोळसा झाल्यावर भुगा होत नाही. घरच्या नारळांवर भागणार नाही. एका घरगुती फिल्टरला ४५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या तीन बादल्या चाळलेला कोळसा लागतो आणि त्यासाठी साधारण १२० ते १५० किलो करवंटी. खोबऱ्याच्या घाण्यावर ती मिळते.

बाकीच्या मालाबद्दल लोक विचारतातच, म्हणून थोडक्यात. भातगिरणीवरचा तूस फुकट मिळतो, पण त्याचा कोळसा हलका, तरंगणारा, राखेने भरलेला असतो आणि फिल्टर तुंबवतो. पोफळीची सालं आणि नारळाची सोडणं यांच्या कोळशाचा भुगा होतो, तो शेतात बरा. आंब्याच्या छाटणीचं लाकूड चालेल, मात्र फांद्या मनगटापेक्षा बारीक हव्यात.

काजूची टरफलं मात्र अजिबात नकोत. त्यातला चीक हाताला फोड आणतो हे काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा. तोच चीक धुरात जातो, तेव्हा डोळे आणि घसा धरतो.

किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूडही नको. ते मिठाने भरलेलं असतं आणि मीठ मुरलेलं लाकूड जळताना विषारी क्लोरीनयुक्त पदार्थ तयार होतात. रंग लावलेल्या फळ्या आणि प्लास्टिकच्या गोण्यांचे तुकडे यांचंही तेच.

करवंटीचे शेंडीचे धागे काढा, हाताच्या तळव्याएवढे तुकडे करा आणि कडक उन्हात किमान आठवडाभर वाळवा. जानेवारी ते एप्रिल हा काळ बरा. पावसाळ्यात हे काम काढूच नका, पडवीत ठेवलेली करवंटीसुद्धा हवेतली ओल ओढते.

तपासणी: दोन तुकडे एकमेकांवर आपटा. टणक, कोरडा आवाज आला तर माल तयार आहे. बद्द आवाज आला तर अजून दोन दिवस ऊन दाखवा.

टप्पा ३: जाळणं

लागेल ते: २०० लिटरचं लोखंडी पिंप, वरचं झाकण पूर्ण कापलेलं, बूड शाबूत. लांब दांड्याचा खोरा, दोन मोठी पिंपं गोडं पाणी, भिजवलेलं गोणपाट, अंगात सुती कपडे.

⚠ भंगारातलं पिंप घेताना आत आधी काय होतं ते विचारा. रसायन, रंग, कीटकनाशक असेल तर घेऊ नका. बंद पिंपाला घरी ग्राइंडर लावू नका. आत उरलेल्या वाफेला ठिणगी लागली तर स्फोट होतो. झाकण आधीच कापलेलं पिंप मागा.

आणि पिंपाला खाली भोकं पाडू नका. नव्या माणसाची ही ठरलेली चूक. भोकं लागतात ती वेगळ्या प्रकारच्या भट्टीला. आपल्या पद्धतीत हवा फक्त वरून जायला हवी. वरची ज्वाळ येणारा प्राणवायू वापरून टाकते, म्हणून खालचा निखारा जळून राख होत नाही. बुडाला भोक असलं की खालून वारा शिरतो आणि तुमची करवंटी राब भाजल्यासारखी राख होऊन जाते.

जागा उघड्यावर हवी. माडाखाली नको, गोठ्याजवळ नको, बंद शेडमध्ये तर मुळीच नको, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वासाने कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये सड्यावरचं गवत काडीसारखं असतं आणि एक ठिणगी काजूच्या बागेपर्यंत वणवा नेते. चारी बाजूंनी दहा फूट गवत साफ करून घ्या. पहाटे सुरुवात करा. दुपारी समुद्रावरून वारा सुटायच्या आत काम आटोपलं पाहिजे.

१. बुडाशी झावळांचे सुके तुकडे आणि थोडी करवंटी रचा. पेटवायचं ते वरून, चूड लावून.

२. ज्वाळ धरली आणि निखारे झाले की करवंटीचा पातळ थर टाका, चार बोटं जाडीचा. अख्खं घमेलं एकदम उपडं करू नका.

३. आता बघत राहा. या कामात खरं कौशल्य काय ते हेच. वरच्या तुकड्यांवर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा. त्याआधी टाकलात तर ज्वाळ दबते आणि दाट पांढरा धूर निघतो. उशीर केलात तर कोळसा जळत जातो. धूर दिसला म्हणजे थर जाड पडला किंवा माल ओला आहे. ज्वाळ परत येईपर्यंत हात आवरा.

४. पिंप तीन चतुर्थांश भरलं की थर टाकणं थांबवा. ज्वाळ बसत आली आणि सगळीकडे पांढरी राख दिसू लागली की लगेच पुढचा टप्पा.

एवढा माल एका पिंपात एका बैठकीत होईलच असं नाही. दोन सकाळी ठेवा.

टप्पा ४: विझवणं आणि कोळसा पारखणं

गोडं पाणी घ्या. खाडीचं पाणी जवळ आहे म्हणून ओतू नका, मीठ छिद्रांत जाऊन बसतं. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून, लांबून, थोडं थोडं ओता. पहिल्या बादलीला वाफेचा लोट उठतो आणि चेहरा भाजतो. कोळसा बुडेपर्यंत ओतत राहा. झाकण ठेवून विझवण्याचा आळस करू नका. आत धग राहते, दुसऱ्या दिवशी गोणीत भरल्यावर कोळसा परत पेटतो, आणि गोणी कुठे ठेवलेली असते? पडवीत.

कोळसा पारखण्याच्या तीन परीक्षा आहेत. तुकडा मोडला की कडकन मोडावा आणि आतून सगळा काळा असावा. मध्ये तपकिरी रेघ दिसली तर तो कच्चा. बोटावर चोळून साध्या पाण्याने हात धुवा. काळं निघून गेलं तर ठीक, पण तेलकट राहिलं किंवा धुराचा वास आला तर आत डांबर उरलंय. तिसरी परीक्षा घरी मल्टिमीटर असेल त्यांनी करायची. तुकडा पूर्ण वाळवून दोन टोकांना तारा लावा. साधारण ६०० ते ७०० अंशांपर्यंत नीट तापलेल्या कोळशातून वीज जाते, कच्च्यातून जात नाही. कच्चे तुकडे फेकू नका, पुढच्या पेटवणीत घाला. फिल्टरमध्ये मात्र एकही नको. ४०० अंशांच्या खाली राहिलेल्या कोळशातलं डांबर पाण्यात उतरतं, म्हणजे पाणी साफ करायला निघालात आणि त्यात भर घातलीत.

टप्पा ५: कुटणं, चाळणं, धुणं

कोळसा ओला असतानाच कुटा. कोरडा कुटलात तर भुकटी नाकात जाते, तोंडाला ओला पंचा बांधा. गोणपाटात भरून धोपटण्याने हलकेच ठोका. मग दोन चाळण्या: वरची सुमारे ३ मिलिमीटर भोकाची, खाली डासांची जाळी. वर राहिला तो परत कुटायचा, जाळीतून पडला तो भुगा शेणखतात. मधला उरला तो आपला. तांदळाच्या कणीपासून ज्वारीपेक्षा थोड्या लहान दाण्यापर्यंत.

लोकांना मोठा कोळसा आवडतो, पाणी भराभर जातं म्हणून. अंड्याएवढ्या तुकड्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नाही, फक्त वरची कातडी काम करते.

आता धुणं. माझा पहिला फिल्टर इथेच बिघडला. दोनदा विसळलं आणि भरलं, पंधरा दिवसांत नळ तुंबला. तेव्हापासून असं करतो:

- बादलीत अर्धा कोळसा, वर पाणी, हाताने ढवळा, काळं पाणी ओतून द्या. आठ-दहा वेळा तरी. वर तरंगणारा कचरा काढून टाका.
- वरचं पाणी नितळ दिसू लागलं की कोळसा पूर्ण बुडेल असं पाणी भरून २४ तास ठेवा. कोळशाच्या छिद्रांत हवा असते, म्हणून तो आधी तरंगतो. उकळतं पाणी ओतलंत तर लवकर बुडतो. तरीही तरंगणारे तुकडे बाजूला काढा.
- दुसऱ्या दिवशी ते पाणी फेका आणि पुन्हा दोनदा विसळा.

तपासणी: शेवटच्या पाण्याचे दोन थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि वर चिमूटभर हळद. हळद पिवळी राहिली तर बरं. लालसर झाली तर राखेचा क्षार अजून आहे, पुन्हा धुवा. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तोच हा गुण. शेजारी नुसत्या विहिरीच्या पाण्याचा थेंब टाकून तुलना केलीत तर फसगत होत नाही.

धुतलेला कोळसा पुन्हा वाळवू नका. ओलाच भरायचा. मूठभर मात्र वाळवून बाटलीत बंद करून ठेवा, टप्पा ८ मध्ये लागेल.

टप्पा ६: पाणी आधी तयार करणं

गढूळ पाणी कोळशावर सोडलंत की छिद्रांवर मातीचा लेप बसतो. जून-जुलैत तर व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी विहिरीत उतरतं. ते रात्रभर बसू द्या, वरचंच घ्या, तळ ढवळू नका.

लोखंड असेल तर पाणी उंचावरून, भोकं पाडलेल्या ताटातून पावसासारखं पिंपात पाडा. हवा लागली की विरघळलेलं लोखंड गेरू होऊन खाली बसायला लागतं. एक रात्र द्या. वरचं पाणी नितळ दिसलं की ते फिल्टरला. भारतीय मानक १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात लोखंडाची मर्यादा आता लिटरला १ मिलिग्रॅम आहे. अहवालात आकडा त्याच्या कितीतरी वर असेल तर एका रात्रीत भागत नाही, हवा देणं आणि बसवणं दोनदा करा.

टप्पा ७: फिल्टर भरणं आणि वेग लावणं

१०० लिटरचं खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिकचं पिंप, नवं. तळाशी भोकांची नळी, तिच्यावर धुतलेली खडी १० सेंटिमीटर, वर जाडी वाळू ५ सेंटिमीटर. वाळू नदीची, समुद्राची नको. मग पिंपात थोडं पाणी घ्या आणि ओला कोळसा त्यात सोडा. कोरड्या पिंपात कोळसा ओतलात तर हवेचे कप्पे राहतात आणि पाणी त्यांना वळसा घालून जातं. तीनही बादल्या झाल्या की हाताने सपाट करा, वर ५ सेंटिमीटर बारीक वाळू आणि तिच्यावर एक सपाट चीप (पातळ दगड), पाण्याच्या धारेने खड्डा पडू नये म्हणून.

बाहेर येणारी नळी सरळ खाली नळाला जोडू नका. ती वर उचला, वरच्या वाळूच्या किंचित वरपर्यंत, मग वळवून खाली आणा, बगळ्याच्या मानेसारखी. वरच्या वळणाला एक बारीक भोक ठेवा, नाहीतर पाणी ओढत पिंप रिकामं होईल. यामुळे कोळसा कायम पाण्याखाली राहतो.

वेग किती ठेवायचा? थर ४५ लिटरचा. पाण्याला अर्धा तास द्यायचा, तर मिनिटाला दीड लिटर. नळाखाली लिटरची बाटली धरा, घड्याळ लावा. ४० सेकंदांच्या आधी भरली तर नळ आवळा. एवढंच गणित, पण मी पाहिलेल्या पाचांपैकी चार फिल्टरांत नळ सताड उघडा होता. तासाला ९० लिटर पाणी मिळतं, स्वयंपाकाला आणि प्यायला पुरून उरतं. आंघोळीचं पाणी यातून घेण्याचा मोह नको.

पहिले दोन-तीन पिंप पाणी झाडांना सोडा. मग पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन बघा, तळाशी काळा कण दिसला तर अजून एक पिंप जाऊ द्या.

⚠ गाळलेलं पाणी उकळा किंवा त्यात क्लोरीन टाका, आणि ते फिल्टरनंतरच. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून पाणी कोळशातून काढलं तर कोळसा क्लोरीन शोषून घेतो आणि पुढे जंतूंना रान मोकळं. मोठ्या टाकीला चांगली ब्लीचिंग पावडर १००० लिटरमागे २.५ ग्रॅम हा साधारण हिशोब. वापरण्याआधी अर्धा तास थांबा. घरच्या हंडा-कळशीसाठी उकळणं सोपं आणि खात्रीचं.

टप्पा ८: चालू ठेवणं आणि कोळसा बदलणं

रोज वापरा. गणपतीला मुंबईची माणसं येऊन गेली आणि घर आठवडाभर बंद राहिलं, तर परत आल्यावर एक पूर्ण पिंप पाणी सोडून द्या. मगच उकळायला घ्या.

पाण्याचा वेग कमी झाला तर कोळसा संपला असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा वरची वाळू तुंबलेली असते. दोन बोटं वाळू खरवडून धुवा, परत घाला.

कोळसा संपला हे वेगळं. त्यासाठी ती बाटलीतली मूठ. शोभेच्या माशांच्या दुकानात मिथिलीन ब्लू नावाचा निळा रंग मिळतो, चांगला कोळसा तो पाण्यातून ओढून घेतो. दोन काचेच्या पेल्यांत सारखं पाणी, सारखे दोन थेंब. एकात बाटलीतला एक चमचा कोळसा, दुसऱ्यात फिल्टरच्या वरच्या भागातला एक चमचा, दोन्ही बारीक ठेचून. रात्रभर ठेवा. सकाळी जुन्या कोळशाचा पेला नव्यापेक्षा ठळक निळा दिसला तर वरचा थर भरत आलाय. ही चाचणी महिन्यातून एकदा करा. हातमोजे घाला, ते पेले पुन्हा प्यायला घेऊ नका. वास किंवा रंग परत येऊ लागला तर मात्र चाचणीची वाट न बघता कोळसा बदला.

कोळसा काढून उन्हात वाळवला की परत नवा होतो असं बरेच जण सांगतात. होत नाही. पाणी उडतं, आत चिकटलेलं तिथेच राहतं.

काढलेला कोळसा साध्या विहिरीचा असेल तर शेणखतात मिसळून माडाच्या आळ्यात घाला, गेरूने माखलेला असला तरी चालतो. पण पाण्यात फवारणीचं औषध होतं असा जरासाही संशय असेल तर तो भाजीच्या वाफ्यात नको, आळ्यात नको, चुलीत तर नकोच. झाकणाच्या पिंपात भरून, वर नाव लिहून, पाऊस लागणार नाही अशा जागी, विहिरीपासून लांब ठेवा आणि पाण्याचा अहवाल येईपर्यंत त्याला हात लावू नका.